प्रवेश-अर्जाचे संकेतस्थळ सर्व्हरवर चढविताना : एक अभ्यासलेख

स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासपर लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आठवणी लिहाव्यात की विषय मांडावा, असा प्रश्न मला पडला. पहाटेची घंटा, रांगेत बसून धुतलेल्या थाळ्या, वीज गेल्यावर एका कंदिलाभोवती केलेला अभ्यास या आठवणी आपणा सर्वांच्या सारख्याच आहेत. त्या माझ्यापेक्षा चांगल्या लेखणीने लिहिल्या जातील. म्हणून मी माझ्या व्यवसायातील एक पाठ येथे मांडतो. माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहाचे प्रवेश-अर्ज ऑनलाइन घेण्याचे ठरविले आणि ते काम आम्हा तिघा सहाध्यायांकडे आले. ते वेब अ‍ॅप्लिकेशन भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर कसे चढविले, त्यात काय शिकलो आणि कोठे चुकलो, हा या लेखाचा विषय आहे.

मी पाचवीत येथे आलो, तेव्हा अर्ज नेण्यासाठी एक दिवस आणि भरलेला अर्ज देण्यासाठी दुसरा दिवस, असे दोन दिवस मजुरी बुडवून वडील एस. टी.ने आले होते. पालकांचे ते दोन दिवस वाचावेत, एवढाच या कामाचा हेतू होता. मात्र त्याबरोबर एक जबाबदारी येते. कागदी अर्ज उशिरा आला, तर कार्यालयातील गुरुजी कारण विचारीत आणि समजून घेत. संगणक कारण विचारीत नाही. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडले, तर एखाद्या मुलीचे वर्ष जाऊ शकते. म्हणून हे काम केवळ हौसेचे राहत नाही.

संगणकावरील आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत लिहाव्या लागतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. सर्व आज्ञा देणे हा लेखाचा उद्देश नाही. प्रत्येक पायरी का घालावी लागते, हे सांगणे हा आहे.

१. काही संज्ञा

आपण मोबाइलवर जे पान उघडतो, ते कोठेतरी सतत चालू असलेल्या एका संगणकाने पाठविलेले असते. त्या संगणकास सर्व्हर म्हणतात. साधे संकेतस्थळ तयार पाने दाखविते. वेब अ‍ॅप्लिकेशन मात्र माहिती स्वीकारते, तपासते, साठविते आणि त्यावरून नवे पान तयार करून देते. प्रवेश-अर्ज हे दुसऱ्या प्रकारातले काम आहे.

क्लाउड हा शब्द ऐकून माहिती आकाशात तरंगते, असा काहींचा समज होतो. वस्तुतः ती दुसऱ्याच्या इमारतीतील यंत्रांवर असते. एका मोठ्या यंत्राचे अनेक आभासी भाग पाडून ते भाड्याने दिले जातात. अ‍ॅमेझॉनने ही सेवा २००६ साली सुरू केली आणि २०१६ साली मुंबई परिसरात आपले केंद्र उघडले. आता इतरही अनेक कंपन्यांची यंत्रे भारतात आहेत. आपले अर्जदार महाराष्ट्रातले असल्याने जवळचे केंद्र निवडणे योग्य ठरते; पान लवकर उघडते आणि माहितीही देशातच राहते.

या यंत्रांवर बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली असते. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहावयास घेतला. तिचा मूळ मजकूर कोणासही वाचता येतो, बदलता येतो आणि वाटता येतो. परवान्याचे शुल्क नसल्याने आपल्यासारख्या संस्थेला खर्च केवळ यंत्राच्या भाड्याचा येतो. एक प्रोसेसर आणि दोन गिगाबाइट स्मृती असलेले यंत्र आपल्या कामास पुरले.

आम्ही उबुंटू या लिनक्स-प्रकाराची २४.०४ ही आवृत्ती घेतली. या आकड्याचा अर्थ २०२४ सालचा एप्रिल महिना असा आहे. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघणाऱ्या अशा दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला ५ वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळतात. सर्व्हरसाठी नवी कोरी आवृत्ती घेण्यापेक्षा दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती घ्यावी, हा पहिला धडा.

२. कुलूप आणि किल्ली

यंत्र भाड्याने घेतल्यावर त्याच्यासमोर जाऊन बसता येत नाही. घरच्या संगणकावरून एसएसएच या मार्गाने त्यात प्रवेश करावा लागतो. ही पद्धतही फिनलंडचीच. विद्यापीठाच्या जाळ्यावरून जाणारे पासवर्ड कोणी चोरून वाचल्याचे उघडकीस आल्यावर तातू युलोनेन या संशोधकाने १९९५ साली ती तयार केली. तीत दोन्ही बाजूंमधील सर्व संभाषण कूटरूपात जाते.

एसएसएचमध्ये पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. एक किल्ली खासगी. ती आपल्या संगणकातून कधीही बाहेर जात नाही. दुसरी सार्वजनिक, ती सर्व्हरवर ठेवायची. सार्वजनिक किल्ली कोणाच्या हाती पडली, तरी तिच्या साह्याने दार उघडता येत नाही. सर्व्हर सुरू झाल्यापासून थोड्याच वेळात अनोळखी यंत्रे त्यावर पासवर्डांचे अंदाज करू लागतात. आमच्या नोंदीत पहिल्याच रात्री असे शेकडो प्रयत्न दिसले. त्यांना आपल्या शाळेशी काही देणेघेणे नसते. जगातले प्रत्येक दार ती ढकलून पाहतात. म्हणून किल्ली बसविल्यावर पासवर्डाने होणारा प्रवेश पूर्ण बंद करावा आणि 'रूट' या सर्वाधिकारी नावाने होणारा थेट प्रवेशही बंद करावा. रोजच्या कामासाठी वेगळे नाव घ्यावे आणि विशेष अधिकार लागेल तेव्हाच 'सुडो' ही आज्ञा वापरावी.

येथे दोन सावधगिऱ्या सांगतो. पहिली अशी की, मुख्य फाइलीत पासवर्ड बंद केला तरी क्लाउडच्या यंत्रात एका उपफाइलीत तो चालूच राहिलेला असू शकतो. म्हणून फाइल वाचून समाधान मानू नये. प्रत्यक्षात कोणते नियम लागू आहेत, हे 'एसएसएचडी' आज्ञेला मोठा 'टी' हा पर्याय जोडून पाहावे. दुसरी अशी की, बदल केल्यावर चालू खिडकी बंद करण्यापूर्वी दुसरी खिडकी उघडून आत जाता येते का, हे तपासावे. स्वतःलाच बाहेर ठेवून कुलूप लावण्याचा प्रसंग या क्षेत्रात पुष्कळांवर आलेला आहे.

त्यानंतर यंत्र अद्ययावत करावे. 'एपीटी अपडेट' ही आज्ञा कोणत्या दुरुस्त्या आल्या आहेत, याची केवळ यादी आणते. त्या बसविण्याचे काम 'एपीटी अपग्रेड' करते. नवशिके पहिल्याच आज्ञेवर थांबतात आणि काम झाले, असे समजतात.

३. कोणती दारे उघडी ठेवावीत

सर्व्हरला क्रमांक दिलेली दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. त्यांचे क्रमांक ६५,५३५पर्यंत जातात. आपल्याला तीनच लागतात : एसएसएचसाठी २२, साध्या संकेतस्थळासाठी ८० आणि सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३. बाकीची दारे फायरवॉलने बंद करावीत. उबुंटूमध्ये त्यासाठी 'यूएफडब्ल्यू' हे सोपे साधन आहे. मात्र फायरवॉल सुरू करण्यापूर्वी २२ क्रमांकाला परवानगी द्यावी. क्रम चुकला, तर पुढच्या वेळी आपणच दाराबाहेर राहतो.

यंत्र देणाऱ्या कंपनीची स्वतःची फायरवॉल वेगळी असते. ती इमारतीच्या फाटकासारखी आहे आणि यंत्रातली फायरवॉल खोलीच्या दारासारखी. दोन्ही उघडल्याखेरीज पाहुणा आत येत नाही. 'सर्व काही बरोबर केले, तरी पान उघडत नाही' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या फाटकाशी सापडते.

डेटाबेससाठी आम्ही पोस्टग्रेस वापरला. त्याचा पोर्ट ५४३२ आहे. हे दार बाहेरच्या जगासाठी कधीही उघडू नये. अर्जांची माहिती त्याच यंत्रावरील आज्ञावलीला लागते. बाहेरून थेट विचारण्याचे कोणास कारण नाही.

४. आज्ञावली आणि गुपिते

आमचे अ‍ॅप्लिकेशन पायथॉन भाषेत, जँगो या चौकटीवर लिहिलेले आहे. घरच्या संगणकावरील मजकूर सर्व्हरवर नेण्यासाठी 'गिट' हे साधन वापरले. गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते. त्यामुळे नवा बदल चुकला, तर आधीच्या स्थितीवर परतता येते. सर्व्हरवर अ‍ॅप्लिकेशनसाठी स्वतंत्र वातावरण तयार केले आणि लागणाऱ्या प्रत्येक साहाय्यक संचाची नेमकी आवृत्ती एका यादीत लिहून ठेवली. घरी एक आवृत्ती आणि सर्व्हरवर दुसरी, अशी तफावत राहिली, की 'माझ्याकडे तर चालत होते' हे वाक्य ऐकू येते.

डेटाबेसचा पासवर्ड आणि जँगोची गुप्त किल्ली या गोष्टी गिटमध्ये कधीही ठेवू नयेत. त्यांच्यासाठी सर्व्हरवर वेगळी फाइल करावी आणि ती केवळ अ‍ॅप्लिकेशनच्या वापरकर्त्यालाच वाचता येईल, असे अधिकार तिला द्यावेत. चुकून एखादे गुपित गिटमध्ये गेलेच, तर नंतर ती ओळ पुसून उपयोग नसतो, कारण जुन्या नोंदीत ती शिल्लक राहते. अशा वेळी गुपितच बदलावे.

जँगोमध्ये 'डीबग' नावाची सोय आहे. चूक झाली, की ती आज्ञावलीतला मजकूर, मार्ग आणि रचनेचा तपशील पानावर दाखविते. विकासकाला ती उपकारक आहे. चालू संकेतस्थळावर ती चोराच्या हाती घराचा नकाशा देण्यासारखी आहे. ती बंद करणे विसरू नये. जँगोत 'चेक' या आज्ञेला 'डिप्लॉय' हा पर्याय जोडला, की अशा राहून गेलेल्या गोष्टींची यादीच समोर येते.

यादीचे महत्त्व पटविणारे एक उदाहरण जगजाहीर आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीची नवी आज्ञावली आठ सर्व्हरांवर चढवावयाची होती. एक सर्व्हर राहून गेला. त्या आठव्या यंत्रातील जुना, वापरात नसलेला मजकूर जागा झाला आणि चुकीचे सौदे करीत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. तेथे बुद्धिमान माणसांची उणीव नव्हती. काम पूर्ण झाले की नाही, हे दुसऱ्या माणसाने तपासण्याची लेखी पद्धत नव्हती. आम्ही तिघांनी तेव्हापासून नियम केला, की एकाने काम करावे आणि दुसऱ्याने यादी वाचावी.

५. माणूस उठून गेला तरी काम चालावे

माझी पहिली चूक येथली. मी टर्मिनलमध्ये आज्ञा देऊन अ‍ॅप्लिकेशन सुरू केले, मोबाइलवर पान उघडून पाहिले, मित्रांना आनंदाने कळविले आणि लॅपटॉप मिटून घरी निघालो. बस सुटण्यापूर्वीच मित्राचा निरोप आला, की पान बंद आहे. टर्मिनल मिटले, की त्यातून सुरू झालेले कामही थांबते, ही प्राथमिक गोष्ट मी उत्साहाच्या भरात विसरलो होतो.

आणखी एक चूक अशी की, जँगोबरोबर येणारा सरावाचा सर्व्हरच मी वापरला होता. तो घरच्या तपासणीपुरता असतो. प्रत्यक्ष वापरासाठी नसतो. त्याच्या जागी 'गनिकॉर्न' बसविला. तो अ‍ॅप्लिकेशनच्या अनेक प्रती एकाच वेळी चालवितो. प्रोसेसरची संख्या दुप्पट करून त्यात एक मिळवावा, असा प्रतींच्या संख्येचा ढोबळ नियम आहे. आमच्या एका प्रोसेसरसाठी तीन प्रती झाल्या.

गनिकॉर्नवर देखरेख ठेवण्याचे काम 'सिस्टिमडी'कडे दिले. लिनक्समध्ये कोणत्या सेवा केव्हा सुरू व्हाव्यात, हे सिस्टिमडी पाहते. एका छोट्या फाइलीत सेवा कोणत्या नावाने चालावी, कोठून चालावी आणि कोसळल्यास पुन्हा सुरू करावी की नाही, हे लिहून द्यायचे. येथे 'स्टार्ट' आणि 'एनेबल' या दोन आज्ञांतील भेद ध्यानात घ्यावा. 'स्टार्ट' म्हणजे आत्ता सुरू कर. 'एनेबल' म्हणजे यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झाले, तरी आपोआप सुरू हो. केवळ पहिली आज्ञा दिली, तर यंत्र पुन्हा सुरू होण्याचा प्रसंग येईपर्यंत चूक लक्षात येत नाही. म्हणून सर्व झाल्यावर यंत्र मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करावे आणि कशालाही हात न लावता पान उघडते का, ते पाहावे.

६. दारावरचा माणूस आणि एक दूरध्वनी

गनिकॉर्नला थेट जगासमोर ठेवीत नाहीत. त्याच्यापुढे 'एन्जिनएक्स' असतो. इगोर सिसोयेव्ह या रशियन अभियंत्याने तो २००४ साली लोकांसाठी खुला केला. आलेल्या प्रत्येक मागणीला तो प्रथम सामोरा जातो. चित्रे आणि सजावटीच्या फाइली स्वतः देतो. अर्जासारखी विचार करण्याची कामे मागे गनिकॉर्नकडे सोपवितो. त्याच्या रचनेत बदल केल्यावर 'एन्जिनएक्स'ला 'टी' हा पर्याय देऊन लिखाण तपासावे आणि मगच ते लागू करावे. एका सुटलेल्या अर्धविरामानेही तो सुरू होण्यास नकार देतो.

अर्ज सुरू झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी एका भगिनीचा दूरध्वनी आला. त्या म्हणाल्या, "दादा, सगळं भरून होतं, पण दाखल्याचा फोटो जातच नाही. पोरीनं चारदा पाठवला. आता शेजाऱ्याचा मोबाइल परत द्यायचाय." मी त्यांना म्हणालो, "ताई, अर्धा तास थांबा, मी पाहतो." नोंदी उघडल्या. एन्जिनएक्सने ४१३ हा क्रमांक नोंदविला होता. पाठविलेला ऐवज मर्यादेपेक्षा मोठा आहे, असा त्याचा अर्थ. एन्जिनएक्स मुळात १ मेगाबाइटपेक्षा मोठा ऐवज स्वीकारीत नाही. मोबाइलने नुकताच काढलेला फोटो ३-४ मेगाबाइटचा असतो. ज्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दाखला जोडला, त्यांचे अर्ज गेले होते, कारण तेथे फोटो आपोआप लहान होतो. ज्यांनी दाखला समोर ठेवून नवा फोटो काढला, त्यांचे अर्ज अडले होते.

एका ओळीत मर्यादा १० मेगाबाइट केली आणि प्रश्न सुटला. ताईंना कळविले, त्यांचा अर्ज दहा मिनिटांत आला. पण त्या दोन दिवसांत नोंदीत असे एकोणीस प्रयत्न अडलेले दिसत होते आणि दूरध्वनी फक्त एक आला होता. बाकीच्यांनी आपलेच काही चुकले असेल, असे मानून मोबाइल खाली ठेवला असावा. अडलेल्या अर्जात नाव किंवा संपर्क साठविला गेला नव्हता, त्यामुळे त्यांना आम्ही शोधू शकलो नाही. शाळेला विनंती करून मुदत आठ दिवसांनी वाढविली आणि गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांकरवी निरोप पाठविले. चाचणीसाठी आम्ही वापरलेली छायाचित्रे लहान होती. ती आमच्या सोयीची होती, पालकांच्या हातातली नव्हती. ही उणीव यंत्राची नव्हती, आमच्या तपासणीची होती.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. जोडलेले दाखले एन्जिनएक्स थेट वाटतो अशा उघड्या कप्प्यात ठेवू नयेत. तेथे फाइलींना १, २, ३ असे क्रमांक दिलेले असतील, तर पत्त्यातील आकडा बदलून कोणीही दुसऱ्याचा जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला पाहू शकेल. मागणारी व्यक्ती प्रवेश समितीची आहे, हे अ‍ॅप्लिकेशनने तपासल्यावरच फाइल दिली जावी. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद केली आहे. कायदा नसता, तरी विश्वासाने दिलेला दाखला जपणे हे आपले कर्तव्यच होते.

७. नाव आणि मुद्रा

सर्व्हरचा पत्ता आकड्यांचा असतो. तो कोणाच्या लक्षात राहणार नाही. म्हणून नाव विकत घेऊन ते त्या आकड्यांशी जोडावे लागते. हा बदल सर्वत्र पोहोचण्यास काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत अवधी लागतो. म्हणून तो अर्ज सुरू होण्याच्या दिवशी न करता आधीच करावा.

त्यानंतर सुरक्षित जोडणी, म्हणजे पत्त्यामागील 'एचटीटीपीएस'. ही नसेल, तर अर्जातील माहिती वाटेत वाचता येते. पूर्वी यासाठीचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे. 'लेट्स एन्क्रिप्ट' या ना-नफा उपक्रमाने २०१५ साली ते सर्वांसाठी विनामूल्य केले. 'सर्टबॉट' हे साधन प्रमाणपत्र मिळवून एन्जिनएक्समध्ये बसविते. या प्रमाणपत्राची मुदत प्रदीर्घ काळ ९० दिवसांची राहिली आहे. म्हणून नूतनीकरण माणसाच्या आठवणीवर सोडू नये. सर्टबॉट ते आपोआप करतो. तो खरोखर करू शकेल का, याची रंगीत तालीम 'ड्राय रन' या पर्यायाने घेता येते. मुदत संपली, की मोबाइलवर धोक्याचे पान येते, आणि ते पाहून कोणताही शहाणा पालक मागे फिरेल.

८. प्रत घेणे आणि प्रत परत आणणे

सर्वांत दुर्लक्षित पायरी ही आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्री उशिरा काम करताना चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी ४.५ गिगाबाइट उरली. राखीव प्रतींच्या पाच व्यवस्था होत्या. वेळ आली तेव्हा त्यांतील एकही भरवशाची ठरली नाही. रोजची प्रत काढणारी आज्ञा आवृत्त्यांच्या तफावतीमुळे अयशस्वी होत होती आणि ते सांगणारे निरोप कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सुदैवाने त्या अभियंत्याने सुमारे सहा तास आधी स्वतः एक प्रत घेतली होती. तीवरून काम सावरले. कंपनीने हे सारे लपविले नाही, सविस्तर प्रसिद्ध केले. म्हणूनच आपण त्यातून शिकू शकतो.

आम्ही रोज रात्री 'पीजी डंप' या आज्ञेने डेटाबेसची प्रत घेतो. दाखल्यांचा कप्पाही तिच्याबरोबर जातो, कारण केवळ नावांची यादी वाचली आणि दाखले गेले, तर अर्ज अपुराच राहील. ही प्रत कूटरूपात वेगळ्या ठिकाणी पाठविली जाते. त्याच यंत्रावर ठेवलेली प्रत यंत्राबरोबरच जाते. ठरावीक वेळी काम करविणारे 'क्रॉन' हे साधन सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे चालते आणि ते घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळ दाखविते. रात्री दोन वाजता असे लिहिले, तर आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. अर्जाच्या शेवटच्या तारखेची वेळ ठरवितानाही हे साडेपाच तासांचे अंतर ध्यानात ठेवावे.

महिन्यातून एकदा आम्ही ती प्रत दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर उघडून अर्जांची संख्या जुळते का, ते पाहतो. परत आणून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, केवळ आशा आहे.

९. बिघाड शोधण्याचा क्रम

पान उघडत नसेल, तर घाईने आज्ञा देत सुटू नये. बाहेरून आत जावे.

(अ) काहीच उत्तर येत नाही : नाव योग्य आकड्याशी जोडले आहे का आणि दोन्ही फायरवॉल उघड्या आहेत का, ते पाहावे.
(आ) ५०२ हा क्रमांक दिसतो : एन्जिनएक्स जागा आहे, पण मागचा गनिकॉर्न उत्तर देत नाही. सिस्टिमडीच्या नोंदी 'जर्नलसीटीएल'ने वाचाव्यात.
(इ) ५०० हा क्रमांक दिसतो : अ‍ॅप्लिकेशन चालू आहे, पण त्याच्यातच चूक झाली आहे. त्याच्या नोंदीत ओळ सापडेल.
(ई) काल चालत होते आणि आज काहीच साठविले जात नाही : 'डीएफ' ही आज्ञा देऊन डिस्क भरली आहे का, ते पाहावे. वाढत गेलेल्या नोंदींनी डिस्क भरणे हे नेहमीचे कारण आहे.

चुकांच्या नोंदी आधी वाचाव्यात आणि मगच काही बदलावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी.

१०. समारोप

या वर्षी अर्ज त्याच संकेतस्थळावर आले. वसतिगृहाच्या कार्यालयात कागदी अर्जाचा एक गठ्ठाही ठेवला होता, आणि तो तसाच ठेवावा, असे माझे मत आहे. ज्याच्या घरी मोबाइल नाही, त्याच्यासाठी दार बंद होता कामा नये.

एक काम अद्याप उरले आहे. सर्व्हरच्या किल्ल्या आज आम्हा तिघांकडेच आहेत. आम्ही दूरगावी असतो. उद्या कोणास काही झाले, तर शाळेची माहिती आमच्याबरोबर अडकेल. म्हणून वर सांगितलेल्या प्रत्येक पायरीची वही लिहून ती कार्यालयात दिली आहे. सर्व्हरचे भाडे आणि नावाचे शुल्क संस्थेच्या खात्यातून भरण्याची व्यवस्था केली आहे. आता ही किल्ली घेणारे हात हवे आहेत.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. शिकण्यासाठी क्लाउडचे भाडे भरण्याची गरज नाही. प्रयोगशाळेतील जुन्या, टाकाऊ ठरविलेल्या संगणकावर उबुंटू बसवा आणि हा पाठ पहिल्यापासून करून पाहा. तो मोडेल, पुन्हा बसवा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे चार दिवस शाळेत राहणार आहोत. ज्यांना शिकायचे आहे, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. कार्यालयातली ती वही ज्या दिवशी तुमच्यापैकी कोणी माझ्या मदतीवाचून वाचून कोरे यंत्र उभे करील, त्या दिवशी हे काम आमचे न राहता शाळेचे झाले, असे मी मानेन.